मागच्या खोलीतलं घड्याळ

शालिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पर्यवेक्षणावर होते. बाकी इमारतीतला पेपर संपला होता, जिन्यातला गलका ओसरला होता. माझ्यासमोर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी त्याला मिळालेल्या जादा वेळात उत्तर सांगत होता. त्याचा हात थरथरतो, म्हणून शेजारी बसलेला लेखनिक ते उतरवून घेत होता. आमचे शिपाई भोसलेमामा दारात आले. एरवी ते तिथूनच हाक मारतात, त्या दिवशी नुसती बोटांनी खूण केली. मी दाराशी गेले. "कांबळे मॅडम गेल्या... सकाळी छातीत दुखायला लागलं, थेरगावातल्या दवाखान्यात नेईपर्यंतच." मी परत येऊन खुर्चीवर बसले. मुलाचं शेवटचं उत्तर राहिलं होतं. त्याने ते पूर्ण केलं, लेखनिकाने वाचून दाखवलं, एक वाक्य त्याने बदलून घेतलं. उत्तरपत्रिका माझ्या हातात देताना त्याने विचारलं, "मॅडम आज आल्या नाहीत?" तेव्हा सांगितलं. त्याआधी सांगितलं असतं, तर शालिनीने मला माफ केलं नसतं.

शालिनी कांबळे आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायची. वडील पिंपरीतल्या एका कंपनीत लेथवर टर्नर होते, आणि घरातलं ते मोजूनमापून बोलणं तिच्यात उतरलं होतं. ज्या मुलांना पाहायला, ऐकायला, लिहायला किंवा वाचायला अडचण येते, त्यांच्या साहाय्य कक्षाचं काम तिच्याकडे आलं ते दुसरं कुणी घेईना म्हणून. कक्षाला नाव होतं, जागा नव्हती. लेखनिकाला सांगून पेपर लिहिणारा मुलगा मोठ्याने बोलणार, त्याला चारचौघांत बसवून कसं चालेल? एक दिवस ती ग्रंथालयात आली आणि म्हणाली, "ग्रंथपालबाई, तुमची मागची खोली बघू." तिथे जुन्या मासिकांचे गठ्ठे होते. ते कुठे ठेवू, असं मी विचारलं. कुणी वाचतं का, असं तिने विचारलं. मी वाचते, म्हटलं. "मग तुमच्याच टेबलाखाली ठेवू," म्हणाली आणि खरोखरच ठेवले. आजही काम करताना माझे पाय त्या गठ्ठ्यांना लागतात.

लेखनिक म्हणून येणाऱ्या मुलांना ती आधी बसवून शिकवायची. चांगल्या मनाचा लेखनिक हाच मोठा धोका, असं तिचं म्हणणं होतं. समोरचा अडखळला की त्याला शब्द सुचवावासा वाटतो, चूक दिसली की हात शिवशिवतो. "तुझं डोकं दाराबाहेर चपलांजवळ ठेवायचं," ती सांगायची. "आत फक्त हात आणायचे."

पण तिच्याबद्दल विचार करताना मला सगळ्यात आधी आठवते ती चऱ्होलीहून येणारी पूजा. पूजाला लेखनिक नको होता, तिचे हात-डोळे ठीक होते. पहिल्या वर्षाला ती दोनदा नापास झाली होती. शालिनी तिचे पेपर घेऊन माझ्याकडे आली आणि पानं उलटत म्हणाली, "बघा ना, यात चुकलेलं काही नाही. राहिलेलंच सगळं." एकेक प्रश्न पूजाला तीन-तीनदा वाचावा लागायचा, ओळी एकमेकींत शिरायच्या, आणि कळेपर्यंत वेळ निघून जायचा. तपासणीचं प्रमाणपत्र आणलं तर तिला तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळणार होता. वडील तयार नव्हते. या वर्षी निघाली नाही तर कॉलेज बंद, लग्न, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं.

ते चाकणच्या कंपनीतून थेट, गणवेशातच आले. माझ्या टेबलापाशी बसले, पण टेकून बसले नाहीत. "मॅडम, पोरीला दिसतंय, ऐकू येतंय. भाकरी करती, गाडी चालवती. मग सर्टिफिकेट कशापायी? उद्या पाव्हण्यांना कळलं तर म्हणतील, पोरगी यडी हाय."

शालिनीने त्यांच्याकडे चहा सरकवला आणि विचारलं, "दादा, कुठल्या मशीनवर असता?"

"सीएनसी."

"नवा जॉब लावला की सेटिंगला वेळ जातो. तो प्रॉडक्शनमध्ये धरतात?"

"न्हाई. धरल्यावर टार्गेट कसं निघंल?"

"आणि पीस?"

"सेटिंग बराबर आसंल तर ओके निघतो की."

"मग पूजाचं सेटिंग तेवढं धरू नका ना राव."

त्यांनी कप उचलून चहा संपवला. मग हसले. "तुमी कंपनीत पायजे होता," म्हणाले. "वडील होते," शालिनी म्हणाली. प्रमाणपत्राला त्यांनी होकार दिला, पण जाताना दारात थांबून पुन्हा बजावलं, की हे एवढं एकच वर्ष.

परीक्षेचा पहिला पेपर त्याच मागच्या खोलीत झाला. नियमित वेळ संपल्याची घंटा झाली आणि पूजाने पेन खाली ठेवलं. शाळेपासूनची सवय... घंटा म्हणजे पेन खाली. पर्यवेक्षक नवे होते, त्यांना वाटलं पोरीचं लिहून झालं. तिने उत्तरपत्रिका दिली, गर्दीबरोबर जिना उतरली आणि खालच्या पायरीवर तिला आठवलं, की अजून अख्खा तास आपला होता. ती रडत वर आली. दिलेली उत्तरपत्रिका परत मिळत नाही. शालिनीने तिला खुर्चीवर बसवलं. तिला पाणी दिलं, आणि खोलीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिली.

पुढच्या पेपरला तिने भोसलेमामांकडून स्टूल मागवलं. पूजाच्या हातात प्रश्नपत्रिका पडली, तशी शालिनी स्टुलावर चढली आणि घड्याळाचे काटे बारावर आणले. "घंटा त्यांची, घड्याळ तुझं," ती म्हणाली. "यात चार वाजेपर्यंत कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही." त्या दिवशी पर्यवेक्षणाला मी होते. घंटा झाली. बाहेर बाकं सरकली, कुणी कुणाला हाका मारल्या. पूजाचं पेन थांबलं, ती खुर्चीतून अर्धी उठली... मग तिने वर पाहिलं. तीन वाजले होते. ती खाली बसली आणि चार वाजत आले तरी लिहीत होती.

पहिला पेपर काठावर निघाला, बाकीचे चांगले निघाले. लग्नाचा विषय मागे पडला. आज पूजा तळवड्यात एका छोट्या कंपनीचे हिशोब बघते. घड्याळाची ती रीत मात्र खोलीला लागली ती कायमची. उपप्राचार्यांनी एकदा हे घड्याळ चुकीचं कसं, असं विचारलं होतं. "चुकीचं नाही सर," शालिनी म्हणाली, "दुसऱ्या गावचं आहे."

शालिनीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला थेरगावात तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं, दोन-चार जण बोलले. मागच्या रांगेत पूजाचे वडील होते, पहिल्या शिफ्टहून तसेच आलेले. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मशीनवर नवीन मानूस आला की आमी लई वरडायचो. आता न्हाई वरडत. म्हनतो, करू दे सेटिंग." आणि चप्पल शोधायला वळले.

मध्यंतरी महाविद्यालयाच्या पाहणीला समिती आली. त्याआधी कार्यालयातल्या कुणीतरी सगळीकडची घड्याळं बघितली, मागच्या खोलीतल्या घड्याळाला नवा सेल घातला आणि वेळ नीट लावून ठेवली. चांगल्या मनानेच केलं होतं. दोन-तीन दिवस त्या खोलीत जायचं मी टाळलं.

या आठवड्यात परीक्षा सुरू झाल्या. जादा वेळ मिळालेली पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती. तिने शालिनीला कधी पाहिलेलं नाही. तिच्या हातात प्रश्नपत्रिका देऊन मी स्टूल शोधायला वळले, तर भोसलेमामा आधीच स्टुलावर उभे होते, एका हाताने भिंत धरून, दुसरा हात घड्याळामागच्या काटे फिरवायच्या चकतीवर.

"मिळाला का गं पेपर?" त्यांनी विचारलं.

मुलीने मान डोलावली. मामांनी काटे बारावर आणले, सावकाश खाली उतरले आणि दार ओढून घेतलं. मुलीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न दुसऱ्यांदा वाचायला घेतला.