सातव्या होलवरचे अनवाणी पाय

गोल्फचं मैदान कोणाचं, सभासदाचं की त्याची बॅग वाहणाऱ्याचं? चेन्नईत वडिलांच्या क्लबातले म्हातारे कॅडी हिरवळीवर चप्पल काढतात. उतार त्यांना तळव्यांनी कळतो. त्या दिवशी त्यांतले एक माझी बॅग वाहत होते; मला ते तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत.

"तंबी, डावीकडे दोन बोटं. हे सातवं होल सगळ्यांत देखणं आणि सगळ्यांत लबाड."

"तुम्ही कधी खेळलात इथं?"

"तीस वर्षं खेळतोय, तुम्हा सभासदांच्या हातांनी."

मी स्टिक पुढे केली. त्यांनी हात पाठीमागे नेले. "कुणी पाहिलं तर उद्या आत घेणार नाहीत."

समतेची पत्रकं वाटणाऱ्या मी त्यांनी सांगितलं तसाच फटका मारला. चेंडू आत गेला. टाळ्या मला मिळाल्या.

तुम्ही सभासद असाल, तर पुढच्या बैठकीत कॅडींना खेळू देण्याचा ठराव मांडा. मी मांडला नाही.