पॉलिशकाकांचा रविवार

पॉलिशकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या गाडीच्या दिव्यांकडे. हडपसरच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले त्या दिवशी सामानाचा टेम्पो मागे उभा होता, मी घामाने निथळत गाडीतून उतरत होते आणि हे गृहस्थ माझ्या पुढच्या दिव्यांपाशी वाकून म्हणाले, "अहो, या दिव्यांनी तुम्हाला रस्ता दिसतो, की अंदाजाने येता?" नाव नाही, गाव नाही, एकदम हेच. मला रागच आला. दिवे मात्र खरोखर ताकाच्या रंगाचे झाले होते.

काका एका कारखान्यातून निवृत्त झालेले. रविवारी चहा झाला की बादली, पॉलिश पेपर, जुन्या बनियनचे तुकडे आणि टूथपेस्टची ट्यूब घेऊन ते पार्किंगमध्ये उतरत. दिव्याभोवतीच्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून आधी चिकटपट्टी लावत, मग पाणी मारून पेपरने घासायला लागत. घासताना काच आणखीच पांढरी व्हायची आणि नवखा माणूस हमखास घाबरायचा. "काका, अहो होती ती बरी होती!" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "न्हाव्याकडे अर्ध्यातून उठता का? बसा खाली." शेवटी टूथपेस्टचा हात फिरला की आतला बल्ब लख्ख दिसायला लागायचा.

'काच' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "प्लॅस्टिक आहे ते. काच म्हातारी होत नाही, फुटते. प्लॅस्टिक आपल्यासारखं, हळूहळू धूसर होतं."

ते पैसे घेत नसत, पण एक अट होती. गाडी ठेवून निघून जायचं नाही. मालकाने समोरच्या खुर्चीवर बसायचं आणि काम होईपर्यंत बोलायचं. कोणी मोबाइल काढला, तर त्यांचा हात तिथल्या तिथे थांबायचा. "तुमचं आटपू द्या. मला घाई नाही." काकू गेल्यापासून त्यांच्या घरात बोलायला माणूस नव्हतं, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी तसं बोलून मात्र दाखवत नसे.

त्या खुर्चीवर बसता बसता वर्षभरात माझं 'अहो'चं 'अगं' झालं. खराडीतली माझी नोकरी गेली, तेव्हा मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या रविवारी मी नुसतीच खाली जाऊन बसले. दिवे चांगले स्वच्छ होते. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पट्टी लावली आणि तेच स्वच्छ दिवे तासभर घासत बसले. माझं सगळं सांगून झालं, तेव्हा म्हणाले, "आता वर जा आणि हेच घरात सांग. मला सांगून काय उपयोग, मी काय तुला पगार देणारे?" मी रडता रडता हसले.

टूथपेस्टची चमक महिना-दोन महिन्यांत उतरायची. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या निखिलने त्यांना कोटिंगची बाटली आणून दिली. "काका, वरून हे लावा ना, एकदम बेस्ट आहे. दोन-तीन वर्षं टेन्शनच नाही."

"ठेव तिकडे," काका म्हणाले. "टेन्शन नसेल, तर तू रविवारी खाली कशाला उतरशील?"

सगळे हसले. मीही हसले. बाटली मीटरच्या खोलीत धूळ खात पडली.

मग काका बाथरूममध्ये पडले. बंगळुरूहून मुलगी आली आणि त्यांना घेऊनच जायचं, यावर अडून बसली. तिचंही बरोबर होतं. काकांनी पुष्कळ वाद घातला. "तिथे कोणाशी बोलू? लिफ्टशी?" अखेर एका सकाळी ते कबूल झाले आणि तिकीट निघालं.

जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना गाड्या काढायला लावल्या. माझी पाळी आली. घासून झालं, टूथपेस्ट झाली, दिवा पुसून कोरडा केला आणि काकांनी खिशातून निखिलची बाटली काढली.

"काका, हे तुम्ही लावत नव्हता ना?"

"आता लावायला हवं," ते म्हणाले. एकसारखा थर देत ते शेवटपर्यंत गेले. "गाडी झाडाखाली लावत जा. उन्हानेच वाट लागते यांची." एवढंच बोलून ते पुढच्या गाडीकडे वळले. मी खुर्चीवरून उठलेच नाही.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. तब्येतीचं विचारलं, तर ते उडवून लावलं.

"दिवे कसे आहेत?"

"धुरकटलेत, काका."

"खोटं. इतक्यात जात नाही ते." पलीकडून लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. "पण एकदा येऊन बघायला हवं," ते म्हणाले.

अजून त्यांचं येणं झालेलं नाही. प्रवास झेपायचा नाही, असं मुलगी म्हणते. सोसायटीतले सगळे दिवे लख्ख आहेत आणि रविवारी पार्किंगमध्ये कोणी कोणासाठी थांबत नाही. मला काकांची फार आठवण येते. कडुनिंबाखालची माझी सावलीची जागा मी निखिलला देऊन टाकली आहे. माझी गाडी हल्ली मी उन्हात लावते.