दादाचं टपाली मंडळ

माझ्या दादाला बोलता येत नव्हतं असं नाही. बोलायची वेळ आली की शब्द त्याला सोडून जात, एवढंच. हिंगण्याच्या कारखान्यात तो कंपनीच्या बसने जायचा, बसने यायचा, आणि वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्याचं नावसुद्धा त्याला ठाऊक नसायचं. मुली पाहायला गेलो की हा असा काही गप्प बसे की मुलीकडचे आईला हळूच विचारत, मुलाला ऐकू येतं ना? पुढे आई गेली आणि धरमपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही भावंडं उरलो. मी एका ऑफिसात टायपिस्ट होते.

पण पोस्टकार्डावर हाच माणूस गप्पिष्ट होता. त्या काळी नागपुरात टपालाने बुद्धिबळ खेळणाऱ्यांचं एक मंडळ होतं. विदर्भभर सभासद विखुरलेले. वरच्या ओळीत आपली खेळी लिहायची आणि उरलेलं कार्ड तुमचं. त्यात कोणाच्या म्हशीचं बाळंतपण असे, कोणाच्या सुनेचा रुसवा. दादा त्या सगळ्याला उत्तरं देई, सल्लेसुद्धा देई! घरात मला 'मीठ दे' म्हणायची मारामार, आणि कार्डावर जागा पुरायची नाही म्हणून कडेने उभ्या ओळी. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

मंडळ चालायचं ते दर महिन्याच्या पत्रकावर. कोणाचा डाव कोणाशी लावला ते त्यात छापलेलं असे. सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल मी टाइप करून द्यायची. पत्रक नाही तर जोड्या नाहीत, आणि जोड्या नाहीत तर कार्डं नाहीत. मग कागद महागला, टपाल महागलं. वर्गणी वाढवून पाहिली तर खेड्यापाड्यातले निम्मे सभासद मुकाट्याने गळाले. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. देणगीसाठी दारोदार फिरून झालं. लोक चहा पाजत आणि म्हणत, टपालाने कुठे खेळ असतो का?

शेवटी गांधीबागेतला एक कापडवाला तयार झाला. "ऐसा करा," तो म्हणाला, "गणपतीत आमच्या मंडपात तुमचा पैलवान बसवा. दहा जणाइसंग एकदम खेळू द्या. पब्लिक खुश झाली तं सालभराचा कागद न् तिकिटं माह्याकडे."

सगळ्यांनी एकमुखाने दादाचं नाव काढलं. टपालात तो हरल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. आणि खेळताना त्याला कोणी पाहिलंही नव्हतं! अशी चूक टपाली खेळाडूच करू जाणे. कार्ड आलं की दादा ट्रंकेवर डाव मांडून ठेवी. आंघोळीला जाताना एकदा बघे, डबा भरताना एकदा बघे. डाव असा दोन दिवस मुरला की मग खेळी आधी रद्दी कागदावर लिही, खोडी, पुन्हा लिही, आणि तेव्हा कुठे कार्ड हातात घेई.

"दादा, तू नाई म्हन," मी त्याला बजावलं. "तुले एक प्यादं हलवाले दोन दिवस लागते."

तो ट्रंकेवरच्या डावाकडे बघत म्हणाला, "मंडळ बंद पडलं तं मले कार्ड कोन लिहीन वं?"

मी त्याचा सदरा इस्त्रीला घेतला.

मंडपात झगझगीत दिवे, भोंगा, आणि ओळीने मांडलेले दहा पट. दादा पहिल्या पटासमोर उभा राहिला आणि उभाच राहिला. मग त्याने खिशातून कागद काढला, खेळी लिहिली, खोडली. लोक हसले. पोरांनी शिट्या मारल्या. "अबे, झोपला काय गा!" कोणीतरी ओरडलं. भोंग्यावरचा माणूसही त्यात सामील झाला. दादा चौथ्या पटाशी पोचेपर्यंत समोरचे खेळाडू प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे होते, आणि कापडवाल्याने गाण्याची तबकडी लावायला सांगितली होती. दादाची मान वर झाली नाही. त्याचे कान तेवढे लाल दिसत होते. तो भोंगा खाली ओढून फोडावा असं मला वाटत होतं.

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक वयस्क गृहस्थ उठून मंचावर आले, खिशातलं दादाचंच एक कार्ड त्यांनी पटावर ठेवलं आणि दादासमोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले. उमरेडचे विणकर होते ते. घरचा माग बंद पडल्यावर किराणा दुकानात लागलेले. दादाशी त्यांचा डाव चालू होता, आणि त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचं म्हणून ते एसटीने आले होते. दोघंही एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी दोघांनी मिळून सोंगट्या गोळा करून पिशव्यांत भरल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. खेळीखाली लिहिलं होतं, मंडपात उकडत फार होतं.

मंडळ बंद पडलं. चालू डाव तेवढे संपवा, असं शेवटचं पत्रक मीच टाइप केलं, आणि टाइप करताना डोळ्यांना धारा लागल्या. एकेक डाव संपत गेला तशी एकेका गावाची कार्डं थांबली. उमरेडचा डाव मात्र चालूच राहिला. तीच स्थिती तीनदा आली तर डाव बरोबरीत सुटतो, म्हणून दोघं आपापला हत्ती दर कार्डाला नव्या घरात फिरवत. मधूनच एखादं प्यादं पुढे ढकलत. बुद्धिबळ मलाही थोडंफार कळत होतं.

"दादा, सरळ मात होऊन राहिली. देत काहून नाई?"

"मंग त्याइले कार्ड कायले टाकू?" तो म्हणाला.

असं काही वर्षं चाललं. एका उन्हाळ्यात उमरेडचं कार्ड आलं नाही. दादाने दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. मग एका रविवारी, मला न सांगता, तो एसटीने गेला आणि संध्याकाळी परत आला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने घेतला नाही.

"गेले वं ते. महिना झाला."

"घरचे भेटले? काय बोलले?"

"सून होती. म्हने, तुमी कोन त्याइचे?" दादा खाली बसला. "मले काई सांगताच आलं नाई. पानी पेलो न् आलो."