पुष्पांजलीचा रविवारचा वर्ग

पुष्पांजलीचं माहेर लोणारचं. शाळेत असताना ती गल्लीतल्या मोतीराम गुरुजींकडे गाणं शिकायची. गुरुजी पेटी वाजवायचे, ती समोर मांडी घालून बसायची आणि घरी परतताना वाटभर तेच घोळवत यायची. बारावी झाली नि लग्न ठरलं. सासर अमडापूरचं. तिथे गाण्याला कुणी नाही म्हटलं नाही. कुणी विचारलंच नाही. पोरं झाली, सासू अंथरुणाला खिळली, पुढे तिने बाजारात पिको-फॉलचं दुकान टाकलं. मधल्या काळात गुरुजी गेले. ती बातमी तिला तेरावं उरकल्यावर कळली. तेव्हापासून तिने गुणगुणणंही सोडलं. मनात एखादी ओळ आलीच, तर ती मशीन जोरात चालवायची.

दुकानामागच्या वस्तीतली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला सांगलीकडे जातात. शाळेतली पोरं आजी-आजोबांजवळ राहतात. संध्याकाळी ही पोरं पुष्पांजलीच्या ओट्यावर येऊन बसत, कारण तिथे उजेड असे आणि रेडिओही. त्यांत अर्पिता नावाची पोरगी होती, चौथीतली. एकदा गाणं मध्येच थांबून जाहिरात लागली, तशी अर्पिताने पुढची ओळ आपणच म्हटली. सूर इतका सरळ लागला की पुष्पांजलीचा कापडावरचा हात थांबला.

तिने विचारलं, "कोणी शिकवलं तुले?"

"कोणी नाई. आई तोडीले गेल्यावर म्हणतो मी. मंग झोप येते."

त्यानंतर पुष्पांजलीला चैन पडेना. चिखलीचे चंद्रशेखर सर पूर्वी शाळेत संगीत शिकवायचे. तिने त्यांना गाठलं. दर रविवारी एसटीने यायला ते तयार झाले, पण त्यांचं घर शिकवण्यांवरच चालायचं, फुकट येणं त्यांना जमणार नव्हतं. शिवाय पेटी हवी होती. दुकानाच्या मिळकतीत हे बसणारं नव्हतं. मग तिने लोणारच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचं ठरवलं. वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे ती तिथे कधी काही बोलली नव्हती. दुपारभर लिहीत राहिली, पुसत राहिली, आणि शेवटी डोळे मिटून पाठवलं.

पहिला फोन गोपालचा आला. बुलढाण्यात त्याचं औषधांचं दुकान आहे. माणूस चिक्कू नव्हता; त्याचं म्हणणं एवढंच होतं की या पोरांना स्वेटर द्यावेत, वह्या द्याव्यात, गाण्याने त्यांचं काय भलं होणार?

पुष्पांजली म्हणाली, "गोपाल, मले वह्या कमी नव्हत्या. जेवाले होतं, नेसाले होतं. गाणं सुटलं, ते अजून दुखून राह्यलं. तुले कसं सांगू?"

शाळेत ती प्रार्थना सांगायची तेव्हा मागच्या रांगेतली टारगट पोरंही उगी उभी राहायची, हे गोपालला आठवलं असावं. त्याने हळूच विचारलं, "तू खरंच गात नाईस आता?"

"नाई."

संध्याकाळी त्याने पैसे पाठवले आणि बाकीच्यांना स्वतः फोन केले. पुण्याच्या सुचिताकडे लेकीची पेटी धूळ खात पडली होती; तिने ती रातराणी बसने चिखलीला धाडली.

मंदिराच्या सभामंडपात वर्ग सुरू झाला. पुष्पांजली सतरंज्या अंथरायची, सरांना चहा द्यायची आणि पायरीवर जाऊन बसायची. आत बसा, असं सर दोनदा म्हणाले. ती हसून टाळायची. सोबतिणी विचारायच्या, तूच काऊन शिकवत नाईस? तिचं उत्तर ठरलेलं असे, माह्यं गेलं ते. पण पोरांचं गाणं ती दर रविवारी ग्रुपवर पाठवायची, आणि कुठेकुठे पांगलेली ती माणसं त्याची वाट पाहू लागली.

चैत्रात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. पोरांनी आईबापांसमोर गाणी म्हटली. अर्पिताची आई झुंबरबाई डोक्यावरचा पदर धरून ऐकत होती. गाणं संपल्यावर लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पावसाळ्यात तिला मुलगा झाला. पुढच्या दिवाळीनंतर तिने अर्पितालाही सोबत न्यायचं ठरवलं.

पुष्पांजली तिच्या घरी गेली. पोरगी आजीजवळ राहू द्या, मी जेवायला घालते, शाळेचंही पाहते, असं परोपरीने सांगितलं. झुंबरबाई रागावली नाही.

"बाई, तुमचं खरं हाये. पण मी उसाच्या फडात वाकली म्हंजे या लेकराले कोण पाह्यीन?"

दोन दिवसांनी ट्रक गेला. अर्पिता गाठोड्यांवर भावाला मांडीत घेऊन बसली होती. वळणापर्यंत तिचा हात दिसत होता.

पुढे एका रविवारी वर्ग चालू असताना पुष्पांजलीचा फोन वाजला. अर्पिता होती, बापाच्या फोनवरून.

"काकू, माह्यापासून सा हरवला. पेटीचा द्या ना."

तिने धावत आत जाऊन फोन पेटीजवळ धरला. सरांनी सूर दिला. पलीकडून आवाज आला की नुसती खरखर येऊन राह्यली, काही समजत नाई. सरांनी पेटी थांबवली आणि पुष्पांजलीकडे पाहिलं. पोरंही पाहू लागली. तिकडे अर्पिता थांबली होती. पुष्पांजलीने सा लावला. आधी तो फाटला. दुसऱ्यांदा थरथरला, आणि टिकला. कुठल्याशा फडातून, रडणाऱ्या बाळाच्या आवाजातून, अर्पिताने तो उचलला. दोघी श्वास पुरेल तोवर त्या एका सुरावर राहिल्या. मग फोन कटला.

त्या दिवसापासून पुष्पांजली पायरीवर बसत नाही. पोरांच्या मागे सतरंजीवर बसते, सर चुका काढतात, ती पुन्हा म्हणते. पूर्वीचा गळा आता राहिला नाही, हे तिला कळतं. मोतीराम गुरुजींनी एकदा ऐकायला हवं होतं, असंही वाटतं. ग्रुपवर तिने सगळं सांगितलं, तेव्हा गोपालने लिहिलं की मंग यंदा तुह्यी फी बी आमच्याकडंच.

अर्पिताचा फोन एखाद्या रविवारी येतो, एखाद्या रविवारी येत नाही. आला नाही की पुष्पांजली मनाला समजावते, तिकडे रेंज नसेल, चार्जिंग नसेल. यंदाचा हंगाम लांबणार असं लोक म्हणतात. वर्ग सुटला, सरांची एसटी गेली, तरी ती फोन पदरात घेऊन सभामंडपात थोडा वेळ बसून राहते.