पालेवाल्या आजीच्या हाताचा गुण

पालेवाली आजी दिवसभर बोलायची, पण झाडाचं नाव तिच्या तोंडून कधी निघायचं नाही. पान असो, साल असो, मुळी असो की बी, तिच्याकडे सगळ्याला एकच शब्द होता, पाला. औषध म्हटलेलं तिला खपत नसे. "औशिद दाक्तरचं असते, मास्तरीन," ती मला म्हणायची. "माह्याजवळ नुसता पाला हाये. लागला तं लागला."

मी मूळची खामगावची. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे झाडं पाहिली ती पुस्तकातली. रोहिणखेडच्या पलीकडे एका लहान गावातल्या शाळेत नोकरी लागली आणि पालेवाली आजी माझी शेजारीण झाली. मजुरीला जाणारी, काटक, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाणारी. पहिल्याच आठवड्यात मी तिला 'वनौषधी' हा शब्द समजावून सांगितला. तिनं तो दोनदा म्हणून पाहिला आणि हसली. "लय लंबा शब्द हाये बाई. पोट दुखनारा मानूस तेवढा येळ थांबते का?"

पाला हा शब्द गाव तऱ्हेतऱ्हेनं वापरी. एखाद्याला बरं वाटलं की त्याला पाला लागला. नाही वाटलं तर पाला मानवला नाही. आजीच्या सासूकडे पाला होता, म्हणजे ती विद्या होती, आणि मरताना सुनेच्या कानात नावं सांगून तिनं तो हिच्या हाती दिला. त्यानंतर शेवटचे चार दिवस सासूनं स्वतः कुणाला एक पान दिलं नाही. गावाची समजूतच तशी होती. नाव सांगितलं की सांगणाऱ्याच्या हाताचा गुण जातो.

मी विज्ञान शिकवणारी, मला हे कसं पटावं? मी तिच्याशी वाद घालायचे. गुण झाडात असतो, हातात नसतो, हे मी तिला फळ्याशिवाय जितकं शिकवता येईल तितकं शिकवलं. ती ऐकून घ्यायची, डोक्यावरचा पदर नीट करायची आणि म्हणायची, "हाव, तुहं बराबर असंन. पर नाव नाई सांगत." पहाटे तिच्या ओसरीवर दोन-तीन माणसं बसलेली असायचीच. ज्यांच्या वावरात ती दिवसभर निंदण करायची, तेही तिथे येऊन खाली मान घालून बसायचे. एरवी त्या घराकडे त्यांचं येणंजाणं नव्हतं.

माझी मुलगी झाली तेव्हा दूध पुरेना. पोर रडायची आणि तिच्याबरोबर मीही. आजीनं कसल्याशा मुळीची पूड मला दिली, मीच तिला दिलेल्या जुन्या उत्तरपत्रिकेच्या कागदात बांधून. आठवडाभरात माझी पोर पोटभर पिऊन झोपायला लागली. पुड्या संपल्या त्या सुमारास आजी लेकीकडे दुसरबीडला गेलेली. पण शेताच्या धुऱ्यावरच्या कुपाटीतून, काटेरी कुंपणातून, ती मुळ्या खणताना मी एकदा लांबून पाहिलं होतं. शिकलेली बाई मी, मला एवढं जमू नये? दिवाळी नुकतीच झाली होती, वेल वाळून गेले होते. मी त्याच जागेवरून एक मुळी खणली, धुतली, ठेचली आणि दुधातून घेतली.

दुपारपर्यंत उलट्या-जुलाबांनी मी अर्धी झाले. नवऱ्यानं जीप करून बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं. काय खाल्लं, असं विचारल्यावर मी एवढंच म्हणाले, "गावातल्या आजीची मुळी." खरं सांगायची लाज वाटली. ते अर्धं वाक्य माझ्या आधी गावात पोचलं. मी चार दिवसांनी घरी आले, तेव्हा पालेवालीनं मास्तरणीला विष घातलं, हे लहान पोरंही बोलत होती.

आजी दुसरबीडहून उतरली ती तशीच माझ्या दारात आली. रागावली नाही. म्हणाली, "उरली असंन तं दाखव." मी परातीखालचा तुकडा काढून दिला. नांगराच्या फाळासारखा तो कंद तिनं हातात घेऊन उलटून पाहिला.

"कुठून उपटली वं?"

"तुमच्याच कुपाटीतून. तुमची पुडी नव्हती ती, आजी. मीच खणली. मी खोटं बोलले."

"मले काऊन नाई इचारलं?"

"विचारलं असतं, तर नाव सांगितलं असतं का तुम्ही?"

आजीनं पाळण्यातल्या पोरीकडे पाहिलं. "नसतं सांगतलं," ती म्हणाली.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. आजी पौर्णिमेचं पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर टोपलं घेऊन आली. मुलांना म्हणाली, जा, आपापल्या मायले बलावून आना. मैदान भरलं. मी आधी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मुळी मीच उपटली होती, आजीचा काही दोष नाही. खरं तर तिचं काम एवढ्यानंच झालं असतं. अंगावरचा आळ गेला होता, टोपलं उचलून ती घरी जाऊ शकत होती.

ती गेली नाही. तिनं टोपल्यातून दोन मुळ्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. "हे बारीक बोटावानी जुडगं, हे शतावरी. आन हे वाकडं, हे कळलावी. दोन्ही येकाच कुपाटीत असते. येक दूध आनते, येक जीव नेते. कोनी चुकू नका." मग एकेक पान, एकेक साल हातात धरून तिनं सगळी नावं सांगितली. सासूनं कानात सांगितलेली नावं ती मैदानात ओरडून सांगत होती. मुलं वहीत लिहीत होती, मुख्याध्यापक मोबाइलवर फोटो काढत होते. मला वाटलं, चला, एक अंधश्रद्धा गेली. किती मूर्ख होते मी!

दुसऱ्या दिवसापासून तिनं कुणाला पाला दिला नाही. कुणी आलंच तर म्हणायची, "आता नाव मालूम हाये ना? तूच आन. माह्या हाताले गुण नाई राह्यला." हळूहळू ओसरी रिकामी झाली. ज्यांच्या वावरात ती मजुरीला जायची ते तिला पुन्हा नुसतीच मजूर समजू लागले. ती त्याच वेळी उठायची, ओसरी झाडायची आणि जरा वेळ बसून राहायची. ते पाहिलं तेव्हा मला कळलं, की तिनं अंधश्रद्धा टाकलेली नव्हती. तिचा त्या गुणावर पूर्ण विश्वास होता, आणि तरीही तिनं तो देऊन टाकला. आपल्या माहितीतली सगळ्यात मोठी वस्तू तिनं माझ्या चुकीपायी दिली, आणि एका शब्दानं मला बोलून दाखवलं नाही. माझी मुलगी यंदा सातवीत आहे. या बाईचे उपकार मी कुठल्या मापानं मोजू?

पुढे माझी बदली खामगावला झाली. आजीला लेकीनं दुसरबीडला नेलं. ती वारली त्याला आता वर्ष होईल. त्याआधी पंधरा दिवस मी तिला भेटून आले. खाटेवर होती, गुडघे सुजले होते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मी रस्त्याकडेची निर्गुडी आणली, तव्यावर पाला गरम केला आणि फडक्यानं तिच्या गुडघ्याला बांधला. तिला डोळा लागला. जागी झाली तेव्हा तिनं पाय थोडा हलवून पाहिला.

"गुण हाये वं तुह्या हाताले," ती म्हणाली.

असा गुण नसतो, हे मी मुलांना दरवर्षी ठासून सांगते. पण तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तुमचाच आहे, आजी."

"नाई, आता तुहा," तिनं माझा हात धरून ठेवला. "पर कोनी नाव इचारलं तं सांगजो."