अंगठ्याखालचा ‘ला’

बाई फळ्यावर शब्द लिहायच्या आणि त्याच्या शेवटावर अंगठा ठेवायच्या. ‘झाडाला’ मधला ‘ला’ अंगठ्याखाली गडप. मग विचारायच्या, “याचं घरचं नाव काय?”

“झाडा,” पोरं म्हणायची.

“झाडा कुणी पाहिलाय? बाहेर निघाला म्हणून कपडे बदललेत त्यानं. घरी काय म्हणतात?”

“झाड.”

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरीच्या मुलांना मूळ शब्द आणि प्रत्यय असे शिकवले जात. मला ते खूळ वाटायचं, तसं मी बोलूनही दाखवलं. “सर, तुम्ही पाढे सांभाळा,” बाई म्हणाल्या. त्या नगरच्या, ख्रिश्चन शिक्षकांच्या घरातल्या. खडूचा अंगठा डबा उघडण्याआधी पदराला पुसायच्या, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक साडीचा पदर एका कोपऱ्यात पांढरट झालेला. तुमच्याही शाळेत अशा एखाद्या बाई असतील, आठवून बघा.

एकदा त्यांनी ‘मला’ लिहून ‘ला’ झाकला. साक्षी नावाची पोर ठामपणे म्हणाली, “म.” वर्ग हसला. शेजारच्या वर्गातून मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

“हा फार लांब गेलाय गं. इतका बदललाय की ओळखू येत नाही. पण घरी त्याला ‘मी’च म्हणतात.”

साक्षीचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की तीही जाणार होती. आदल्या वर्षी गेलेली दोन पोरं अक्षरं विसरून परत आली होती, त्याचा बाईंनी धसका घेतला होता. मला बरोबर घेऊन त्या साक्षीच्या घरी गेल्या. पोरीला आजीजवळ ठेवा म्हणाल्या.

“आजीलाच दिसत न्हाई, बाई,” तिचे वडील म्हणाले. “कोनी कुनाला सांभाळायचं?”

दिवाळी झाली आणि साक्षी ऊसतोडीला गेली.

जानेवारीत बाई निवृत्त झाल्या. निरोपाला वर्ग अर्धा रिकामा होता. भाषण करा म्हटल्यावर “पुरे आता” म्हणून त्या खाली बसल्या. निघताना मात्र मला बाजूला घेतलं.

“साक्षी आली की आधी ‘मला’ विचारा. ते आलं, तर बाकीचं परत बसवता येईल.”

एप्रिलमध्ये एका सकाळी एक पोर वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. केस बारीक कापलेले, तोंड उन्हानं रापलेलं.

“कोण गं तू?”

“सर, मला वळखलं न्हाई व्हय?”

मी फळ्यावर ‘मला’ लिहिलं. अंगठा ठेवला नाही, तो मान माझा नव्हता. साक्षी पुढे आली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं ‘ला’वर स्वतःचा अंगठा दाबला. दुसऱ्या हातानं खडू मागून घेतला आणि शेजारी ‘मी’ लिहिलं. मग वर्गभर नजर फिरवली.

“बाई कुठं हायेत?”

त्या वेळी तिथं बाई असायला हव्या होत्या, मी नव्हे.

संध्याकाळी नगरला फोन लावून सगळं सांगितलं. बाईंनी एकच प्रश्न विचारला.

“वेलांटी कोणती दिली?”

“दुसरी,” मी म्हणालो.