सिस्टर इथे नाहीत

त्या शाळेत मुख्याध्यापिका येत आणि जात, पण हेडबाई एकच होत्या, आणि त्या शिपाई होत्या. घंटा द्यायची, फाटक सांभाळायचं आणि वर्ग चालू असताना व्हरांड्यात कोणी चपला घासत आलं, तर नुसत्या नजरेने त्या चपला त्याच्या हातात आणायच्या, हे त्यांचं काम. नवे शिक्षकसुद्धा त्यांना टरकून असत. निवृत्त झाल्या, शाळेची घंटा विजेवर गेली, पण नाव मात्र घरापर्यंत मागे आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोल्यांत त्या एकट्या राहत, आणि सगळी इमारत त्यांना हेडबाईच म्हणे. स्वभावाला औषध नसतं. जिन्यात दोघं जण जरा मोठ्याने बोलले की त्यांचं दार उघडायचं, आणि बोलणं आपोआप कुजबुजीवर यायचं.

अशा बाईच्या डोक्यावर इमारतीची दुरुस्ती येऊन पडली.

इमारत भाड्याची, आणि मालक नवे. बोलणं असं गोड की मुंगी लागावी. "तुमच्याच सोयीसाठी करतोय सगळं," असं ते प्रत्येकाच्या दारात उभे राहून सांगून गेले. त्यानंतर आठवड्याभरात जिन्यातला दिवा गेला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी पाणी जायला लागलं आणि मधल्या मजल्यावर राडारोड्याची रास पडली. कंटाळून अर्ध्या बिऱ्हाडांनी मालक देतील ते घेतलं आणि वाट धरली. ज्यांना वाटच नव्हती ते राहिले. राहिलेल्यांनी मिळून घरभाडे कचेरीत तक्रार केली, आणि आश्चर्य म्हणजे कचेरीने ती ऐकली. पाणी तोडायचं नाही, जिन्यात दिवा हवा, धुळीला पडदा हवा, आणि ठोकाठोकी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढ्या वेळातच. खोलीत जो राहतोय त्याला दुरुस्तीच्या नावाखाली बाहेर काढता येणार नाही. जो सोडून गेला, त्याची खोली मात्र मालकाची.

सगळ्यांना हायसं वाटलं. रात्रीची झोप तरी वाचली, असं जो तो म्हणाला.

जिची झोप दिवसाची, तिची आठवण कोणालाच झाली नाही.

ती तिसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला राहायची. इस्पितळात परिचारिका, कायमची रात्रपाळी. दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्मलेली, मुठीएवढी बाळं काचेच्या पेट्यांत ठेवतात, त्या विभागात. तिला सगळे सिस्टर म्हणत. तिचा सख्खा भाऊसुद्धा फोनवर "काय सिस्टर" म्हणायचा आणि दर वेळी नवा विनोद केल्यासारखा हसायचा. ती साडेआठला घरी यायची, चहा घ्यायची आणि नऊला आडवी व्हायची. नऊच्या ठोक्याला तिच्या उशामागच्या भिंतीत ड्रिल घुसायचं. कायद्याने, वेळेवर.

हेडबाईंना कळलं तेही उशिराच. एका सकाळी सिस्टर त्यांच्या दाराला स्वतःची किल्ली लावत उभी होती. फिरत नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावत होती.

"अगं, एक मजला वर आहे तुझं घर," हेडबाई दार उघडून म्हणाल्या.

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसली. "काकू, काल एका बाळाचं औषध दुसऱ्याला द्यायला निघाले होते," ती म्हणाली. "शेजारचीने हात धरला म्हणून. नाहीतर..." तिने हातातली किल्ली पिशवीत टाकली. मग म्हणाली, "मी मालकांना हो म्हणून टाकते. लांब कुठेतरी बघते खोली."

हेडबाई बाहेर येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. तिसऱ्या मजल्यावरची ही शेवटची खोली रिकामी झाली की मालक तो मजला मोकळा करणार, आणि मग खालच्यांच्या डोक्यावर छप्पर नावापुरतं उरणार, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर त्यांना ही मुलगी हवी होती. हेडबाईंना ताप आला तेव्हा रात्रभर इस्पितळात राबून आलेली ही पोर दिवसभर त्यांच्या उशाशी बसली होती. पोटच्या लेकीने फोन केला होता. लेकीचा राग नव्हता, पण विसरही पडला नव्हता.

"कुठे जात नाहीस तू," त्या म्हणाल्या. "माझ्या आतल्या खोलीत झोपायचं. ड्रिल पुढच्या बाजूला आहे, मागे एवढं ऐकू येत नाही."

त्याच दिवशी तिचा पलंग खाली आणला. उचलायला तळमजल्यावरचे आजोबा सोडून सगळे आले. दुरुस्तीच्या कामावरचा मुकादम जिन्यात उभा राहून बघत होता. "जपून हं, कोपरा लागेल," असंही म्हणाला. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही, असं तेव्हा हेडबाईंच्या मनात आलं.

आणि मग हेडबाईंनी नियम घातला. सिस्टर झोपली की चार वाजेपर्यंत तिला उठवायचं नाही. कोणीही विचारत आलं तरी एकच उत्तर, सिस्टर इथे नाहीत. हा नियम त्यांनी इमारतीत घरोघर जाऊन पाठ करून घेतला. तळमजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांना तर समोर उभं राहून तीनदा म्हणायला लावलं. सामान पोचवणारे आले, विमावाला आला, खुद्द भाऊ आला. सगळे उत्तर ऐकून परत गेले. हेडबाई आतल्या दारासमोर खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसत. कितीतरी वर्षांनी त्यांना कामावर गेल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवशी त्या वाटाणे सोलत बसल्या होत्या, तेव्हा एक गृहस्थ जिना चढून आले. साधा शर्ट, खांद्याला पिशवी, बोलणं सभ्य.

"वर तिसऱ्या मजल्यावर राहतात त्या बाई आहेत का?"

"सिस्टर इथे नाहीत."

"कधी भेटतील?"

"भेटायच्या नाहीत."

"बरेच दिवस नाहीत का?"

"बरेच दिवस," हेडबाईंनी ठासून सांगितलं. असा चिवट माणूस मोडून काढायचा तर खोटंही दणदणीतच हवं.

"खालचे आजोबाही तेच म्हणाले," गृहस्थ पुटपुटले आणि वर गेले. हेडबाईंना आजोबांचं कौतुक वाटलं. वाटाण्याच्या शेंगा संपत आल्या तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की ड्रिल थांबलंय. जेवणाची सुट्टी तर होऊन गेली होती. मग ते गृहस्थ उतरून खाली गेले आणि त्यांच्यामागून मुकादम आला. दारात थांबला, हात जोडले आणि हसून म्हणाला, "मावशी, आभारी आहे."

दुरुस्ती सुरू झाल्यापासून मुकादमाने त्यांचे कधी आभार मानले नव्हते.

हेडबाईंच्या मांडीवरचं ताट घसरलं आणि वाटाणे सांडले. तो गृहस्थ कोण होता, पलंग उतरताना मुकादम का बघत होता, सगळं एकदम त्यांच्यासमोर उभं राहिलं. मालकाने कचेरीत कळवलं असणार की तिसऱ्या मजल्यावरची बाई खोली सोडून गेली. आणि कचेरीच्या तपासनिसासमोर त्याची साक्ष कोणी दिली, तर हेडबाईंनी. ज्या पोरीची झोप राखायला बसल्या, तिचं घरच त्यांनी स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं.

गुडघ्यांनी सोडचिठ्ठी देऊन काही वर्षं झाली होती, तरी त्या जिना कशा उतरल्या ते त्यांना कळलं नाही. गृहस्थ फाटकाशी पोचले होते. मुकादम रस्त्यापलीकडे गाडीच्या खिडकीत वाकून मालकाशी बोलत होता.

"साहेब, ती इथे आहे."

"कोण?"

"सिस्टर. माझ्या घरात झोपलीय."

तपासनीस थांबले. "आत्ता तर नाही म्हणालात."

"खोटं बोलले."

"मग आता खरं बोलताय कशावरून?"

 "चला, दाखवते," एवढंच त्या म्हणाल्या. वर दाराशी पोचल्यावर त्यांच्याच्याने राहवलं नाही. "चपला काढा. वाजतात," त्या म्हणाल्या. तपासनिसांनी काढल्या. आतल्या खोलीचं दार बोटभर उघडून हेडबाईंनी त्यांना पाहू दिलं. सिस्टर कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती.

दार लावून घेतल्यावर तपासनीस हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे तर मालकांच्याच बाजूचं झालं. त्यांचं म्हणणं हेच, की त्या स्वतःच्या खोलीत राहत नाहीत. पलंगसुद्धा इथे आहे."

म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात. हेडबाईंनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि त्यांना वर नेलं. सिस्टरच्या खोलीत शेगडी होती, भांडी होती, गणवेश पिशवीत घालून टांगलेला होता. सगळ्यावर जुनी चादर आणि चादरीवर धूळ. "संध्याकाळी उठली की इथेच येते," हेडबाई म्हणाल्या. "इथेच रांधते, इथूनच कामावर जाते. झोपणार कशी इथे? भिंत हलते."

तपासनिसांनी भिंतीला कान लावला. खोली अगदी शांत होती. "कुठे आहे आवाज?" त्यांनी विचारलं.

हेडबाईंना आतून संताप आला, आणि संतापाबरोबर शाळाही आठवली. तपासणीसाठी कोणी आलं की पोरं अशीच गोगलगायी होऊन बसत. पाहुण्याची पाठ वळली की खडू उडायचे.

"साहेब, जरा बसा इथे," त्या म्हणाल्या. "मी खाली वाटाणे वेचून येते."

त्या खाली येऊन खुर्चीत बसल्या. तपासनिसांच्या चपला त्यांनी पायाने खुर्चीखाली सरकवल्या. मग सांडलेले वाटाणे ताटात वेचायला घेतले. तपासनीस कंटाळून उठून आले तर? थोड्या वेळात मुकादम वर आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "ते साहेब परत वर आले होते का? गेले का?"

हेडबाईंनी ताटातून नजर काढली नाही.

"साहेब इथे नाहीत," त्या म्हणाल्या.

उत्तर सवयीचं होतं. एक कानामात्रा इकडची तिकडे झाली नाही. मुकादम कठड्यावरून वाकून ओरडला, "चालू करा रे!"

आणि चालू झालं. मागच्या खोल्यांत ते दूरच्या गिरणीसारखं येत होतं. वर काय होत असेल याचा हेडबाई नुसता अंदाज करत बसल्या. तपासनीस बऱ्याच वेळाने उतरले, अनवाणी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, शर्टाचा रंग ओळखू येईना. जिन्यात उभ्या असलेल्या मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. तपासनीस त्याच्याकडे न बघता हेडबाईंजवळ आले.

"मी पाहिलं ते मी मांडेन," ते म्हणाले. आपण ओरडतोय हे ध्यानात येऊन त्यांनी आवाज खाली आणला. "पण तुमच्या शब्दाला आता किंमत नाही, बाई. एकदा नाही म्हणालात, एकदा हो. त्यांच्याच तोंडून मला ऐकायला हवं. किती वाजता उठतात?"

"चारला."

"उठवता येणार नाही?"

हेडबाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. आत्ता उठवावं, कानात सांगावं, बाई गं, असं असं म्हण. पण रात्री पुन्हा त्या काचेच्या पेट्या होत्या. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग थांबतो. आणि त्या उठल्यावर तुम्ही मध्ये एक अक्षर बोलायचं नाही."

ते समोर स्टुलावर बसले. अंगावरची धूळ झटकायला हात उचलला, आणि आवाज होईल म्हणून खाली घेतला. मुकादम दाराबाहेर घुटमळत राहिला.  हेडबाईंनी आयुष्यभर शाळा सुटायची वाट पाहणारी पोरं पाहिली होती, पण घड्याळ इतकं सावकाश चालतं हे त्यांना आजच कळत होतं. ती काय म्हणेल? झोपेतून उठलेलं माणूस तोंडाला येईल ते बोलतं. "काकूंकडेच राहते हल्ली," असं प्रेमाने म्हणाली तर संपलं.

चारला दार उघडलं. सिस्टर केस सावरत बाहेर आली, गालावर उशीचे वळ. समोर पिठात लोळल्यासारखा माणूस पाहून ती थबकली.

"बाई, तुम्ही कुठे राहता?" तपासनिसांनी विचारलं.

सिस्टरने हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाईंनी ओठ दाताखाली धरून जमिनीकडे पाहिलं.

"वर," सिस्टर जांभई देत म्हणाली आणि बोट छताकडे केलं. "इथे नुसती झोपते. घरात झोपू देत नाहीत ना."